चौदा ताटं

आईनं नवी कढई आणली तेव्हा मला पहिल्यांदा राग आला.

"घरात दोन कढया आहेत," मी म्हटलं.

"त्यात मटण झालेलं आहे."

"मग? घासली नाहीस का?"

"तुला नाही कळायचं, रिबे. उद्या कोणी विचारलं तर मला तोंड वर करून सांगता आलं पाहिजे."

"आणि दिवाळीत त्यांनी आपल्याला ताटं दिली तेव्हा तू विचारलंस का, तुमची कढई कसली आहे म्हणून?"

ओल्या फडक्यानं आईनं कढई पुसली, मग कोरड्यानं पुसली. झाराही नवा आणला होता, त्याला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. पप्पा दारात बसून नाताळच्या चांदणीसाठी बांबूच्या काड्या तासत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. पप्पांनी आयुष्यभर हेच केलं.

ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी वीस वर्षांची होते. दहावीनंतर शाळा सुटली होती आणि नगरमधल्या एका छापखान्यात मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होते. त्या वर्षी जूनमध्ये आम्ही ख्रिस्त गल्ली सोडून श्रमसाफल्य कॉलनीत राहायला आलो. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, त्यांच्या जन्माची कमाई त्या तीन खोल्यांत गेली. आमच्या ओळीत पंधरा घरं. चौदा त्यांची आणि एक आमचं. 'त्यांची' हा शब्द आईला आवडायचा नाही. ती म्हणायची, "त्यांची काय गं? आपलीच माणसं आहेत."

गल्लीत आईचा जीव रमायचा नाही असं नाही. पण तिला पडदे लावलेल्या खिडक्या हव्या होत्या, फाटकाशी उभं राहून गप्पा मारणाऱ्या शेजारणी हव्या होत्या, त्यांनी तिला 'सरोजवहिनी' म्हणायला हवं होतं. ते सगळं मिळालं. दिवाळीत तर चौदाच्या चौदा घरांतून फराळाची ताटं आली. आईनं ती पुढच्या खोलीत जमिनीवर मांडली आणि पप्पांना हाक मारली. "या, बघा तरी. एक घर चुकलेलं नाही!" चकली कोणाची खुसखुशीत, लाडू कोणाचा बसका, हे ती आठवडाभर सांगत होती. आम्ही सगळं खाल्लं. चिवड्याचा चुरासुद्धा पप्पांनी चहाबरोबर संपवला.

तेव्हाच आईनं ठरवलं की नाताळला आपल्या घरातून चौदा ताटं जाणार. आणि प्रत्येक ताटावर तिनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. भेट म्हणून, परत न घेण्यासाठी. विणकाम तिला लहानपणी मिशनच्या शाळेत शिकवलेलं. नोव्हेंबरपासून तिच्या मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा होता. चौदा रुमाल, चौदा वेगवेगळे नमुने. कोणाला वाटायला नको की दुसरीला चांगला दिला.

बावीस तारखेपासून आमच्या घराला तुपाचा वास लागला. साजूक तूप. आम्ही स्वतः डालड्यात तळून खायचो. आई करंजीची कड कातणीनं कापत नसे, हातानं मुरड घालायची. बारीक, दोरीसारखी वळलेली, आणि शेवटाला टोक आत खोचून एक इवलीशी गाठ. ती गाठ गल्लीत फारशा कोणाला जमायची नाही. मी पारी लाटत होते आणि चिडत होते, आई मुरड घालत होती आणि चर्चमधली गाणी गुणगुणत होती. केकात अंडं घातलं नाही, दही घातलं. तीनदा बिघडला. नानकटाईचे पत्रे घेऊन मी हुसेनभाईच्या बेकरीत गेले. तिथे आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया आपापले पत्रे घेऊन भट्टीपाशी रांगेत बसलेल्या.

"काय गं रिबे, कॉलनीवाली झालीस, ओळख ठेव," एकीनं टोमणा मारला.

"तुझ्या आईनं म्हणे अंड्याशिवाय केक केलाय," दुसरी म्हणाली. "उद्या येशूच्या जन्माला सत्यनारायण घालेल!"

सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. घरी येऊन आईला सांगितलं नाही.

चोवीस तारखेला दुपारी पप्पांनी पतंगी कागदाची चांदणी फाटकावर लावली आणि आम्ही मायलेकी ताटं घेऊन निघालो. प्रत्येक दारात तेच बोलणं.

"अय्या, तुमच्यात पण करंज्या करतात?"

"करतो की," आई म्हणायची. "आणि अंडं नाही हां कशात. साजूक तुपातलं आहे सगळं. कढईसुद्धा नवी घेतली."

"अहो, कशाला एवढं! रुमाल काय सुंदर आहे हो!"

चौदा घरांत आईनं ते वाक्य म्हटलं. अंडं नाही, साजूक तूप, नवी कढई. पाचव्या घरापासून मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं. शेवटचं घर नलिनीताई गुंजाळांचं. आईची सगळ्यात जवळची मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी भाजी आणायला बरोबर जायच्या. नलिनीताई आमच्याकडे चहा प्यायच्या, हे आई गल्लीत गेली की दहाजणींना सांगायची. त्यांच्या ताटात आईनं चार करंज्या जास्त घातल्या होत्या.

"वहिनी, तुमच्या हाताला काय कला आहे!" नलिनीताईंनी रुमाल उन्हात धरून बघितला. "मी तर हा फ्रेम करून लावणार."

"आधी खाऊन सांगा कसं झालंय," आई म्हणाली.

"खाणार तर! आत्ता चहाबरोबर."

सव्वीसला दुपारपर्यंत ताटं परत आली. घासलेली, पुसलेली, रिकामं द्यायचं नाही म्हणून प्रत्येकात चमचाभर साखर घातलेली. आईनं ती साखर बरणीत ओतली. "खाल्लं हो सगळ्यांनी," ती पप्पांना म्हणाली. असा खुललेला चेहरा मी तिच्या लग्नाच्या फोटोतही बघितला नव्हता.

आता मार्थामावशीबद्दल सांगायला हवं, कारण त्याच दिवशी संध्याकाळी ती आली.

मार्थामावशी म्हणजे आईची मावसबहीण. आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती गल्लीतच राहायची, नवरा नव्हता, चार मुलं होती. आणि आमच्या कॉलनीत ती सात घरी धुणं-भांडी करायची. आम्ही तिथे राहायला जायच्या कितीतरी आधीपासून. जुलैमध्ये आई पहिल्यांदा गुंजाळांकडे गेली, तेव्हा मागच्या अंगणात मार्थामावशी भांडी घासत होती. मी बरोबर होते. आईनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय मावशी, बऱ्या आहात ना?" जन्मभर जिला 'ताई' म्हटलं, तिला मावशी. मार्थामावशीनं एकदाच मान वर केली. "हो बाई," ती म्हणाली आणि परत राखेत हात घातला.

त्याच दिवशी आईनं माझ्याबरोबर तिच्याकडे डबाभर मटण पाठवलं. तिनं ते घेतलं. काही विचारलं नाही. तेव्हापासून कॉलनीत त्या दोघींची ओळख नव्हती. मार्थामावशी आमच्याकडे यायची ती मागच्या दारानं, कामं आटोपून जाता जाता. मला त्याचाही राग होता. पण हा राग मी बोलून दाखवत नसे. तेवढा एकच गिळत होते.

सव्वीसला ती मागच्या दारात उभी राहिली ती हसतच.

"सलाम, सरे!"

"सलाम, ताई. ये, ये. काल चर्चमध्ये गर्दीत नीट भेटच नाही झाली."

"आगं, बस, तुला गंमत सांगते." तिनं काखेतली नायलॉनची पिशवी ओट्यावर ठेवली. "आठ वर्सं झाली मला या बंगल्यांत. दिवाळीला शिळी चकली, विरलेली साडी. पण आपला नाताळ? आपला बी सण असतो हे कोणाच्या ध्यानात न्हाई. काल एक दिवस सुट्टी घेतली तर तोंडं वाकडी. आन् आज सात घरांनी, सरे, सातच्या सात घरांनी आपणहून हाक मारली. 'मार्था, तुमचा सण ना? घे, पोरांना ने.' मी म्हटलं, येशू बाबा, हे काय नवल!"

"बरं झालं की," आई म्हणाली.

"अर्धं घरी पाठवलं पोरासंगं. अर्धं तुला आणलंय. म्हटलं सरूला दाखवू, बंगलेवाल्यांनी मला नाताळची भेट दिली म्हणून."

तिनं आमचंच एक ताट ओढलं आणि त्यात पिशवी उपडी केली. नानकटाई, शंकरपाळे, चेपलेला केक. आणि करंज्या. दोरीसारखी मुरड, शेवटाला गाठ.

मी आईकडे बघितलं. आई ताटाकडे बघत होती.

"बघ, अगदी आपल्यासारख्याच केल्यात," मार्थामावशी म्हणाली. "शिकल्या वाटतं आपल्याकडनं. खा की गं!"

आईनं एक करंजी उचलली, मोडली, तोंडात घातली. सावकाश चावली.

"कशी झालीय?"

"चांगली आहे," आई म्हणाली. "खोबरं जरा कमी पडलंय."

मी उठले. आईनं डोळ्यांनी मला परत बसवलं.

"कोणाकोणाकडनं गं, ताई?" तिनं अगदी सहज विचारलं, बाजारभाव विचारावा तसं.

मार्थामावशीनं बोटांवर सांगितलं. "देशपांडे. डफळ. कोठारी. ती कोपऱ्यावरची भोरबाई. सुपेकर. मुळे. आन् गुंजाळबाई. गुंजाळबाईनं तर सगळ्यात जास्त दिलं बघ. ताटच उपडं केलं पिशवीत. म्हणाली, आमच्याकडे कोणी खात नाही गं, तूच ने सगळं."

प्रत्येक नावाला आई मान हलवत होती. सात घरं. उरलेल्या सात घरांनी खाल्लं असेल, असं नंतर पप्पा म्हणाले. असेल. त्या सात घरी मार्थामावशी कामाला नव्हती, एवढंच आम्हाला नक्की माहीत होतं.

आईनं चहा ठेवला. मग रीत म्हणून आपल्या डब्यातला फराळ काढला आणि बशीत घालून बहिणीपुढे ठेवला. मार्थामावशीनं करंजी उचलली. उलटी केली, सुलटी केली. ताटातल्या करंज्यांकडे एकदा बघितलं. मग तिनं चहा फार घाईनं प्याला, जीभ भाजली असेल इतक्या घाईनं, आणि धाकट्या मुलाच्या खोकल्याबद्दल काहीतरी बोलत निघून गेली.

दार लागताच मी म्हटलं, "मी जाते आणि विचारते एकेकीला."

"कुठे जायचं नाही. यातलं अक्षर बाहेर जाणार नाही."

"का?"

"तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सणाची भेट दिली, रिबे."

"तिला तू दिलीस! तुझ्या तुपाची, तुझ्या कढईतली! त्यांनी फक्त आपल्या घरातली घाण बाहेर काढली."

"मग झालं की," आई म्हणाली. "माझ्याच बहिणीच्या घरी गेलं. वाया कुठे गेलं?"

तिचा आवाज अजिबात हलला नाही. तो हलला असता तर मी कदाचित गप्प बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी छापखान्यात जायच्या ऐवजी गुंजाळांचं फाटक उघडलं.

नलिनीताई दाराशी आल्या. "ये गं रिबेका. चहा घेतेस?"

"नको. फराळ कसा झाला होता ते विचारायला आले. आईला जाणून घ्यायचंय."

"छान! एकदम छान झाला होता. सगळ्यांना आवडला."

"काय जास्त आवडलं?"

"करंज्या. खुसखुशीत अगदी."

"गाठ कुठे होती करंजीला?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या पाठीमागे टीव्ही होता आणि टीव्हीवर आईचा रुमाल पसरला होता, त्यावर निळ्या काचेची फुलदाणी. आईनं विणलेलं चाललं होतं. तळलेलं चाललं नव्हतं.

"तुम्ही सगळं ताट मार्थाच्या पिशवीत ओतलंत," मी म्हटलं. "एक घास खाल्ला नाहीत."

नलिनीताईंचा चेहरा लाल झाला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, आमच्याकडे सासूबाई आहेत. त्यांचं सगळं जुनं वळण. मला काही वाटत नाही गं, पण घरात मोठी माणसं असली की..."

"माझ्यावर कशाला ढकलतेस?" आतल्या खाटेवरून म्हातारीचा आवाज आला. "मी कधी नको म्हटलं? मला कोणी दाखवलंसुद्धा नाही. आणि मला दात तरी आहेत का करंजी चावायला?"

मला हसू आलं. त्या हसण्यानं नलिनीताई जास्त चिडल्या.

"टाकून तर दिलं नाही ना आम्ही? गरिबाच्या मुखी गेलं. पुण्यच लागलं तुमच्या आईला."

"गरिबाच्या नाही. माझ्या मावशीच्या मुखी गेलं."

"कोण मावशी?"

"मार्था. तुमची भांडी घासते ती. माझ्या आईची मावसबहीण आहे. मोठी बहीण. तिनंच काल ते सगळं आमच्या घरी आणून आईला खायला घातलं."

नलिनीताईंचं तोंड उघडं राहिलं. हे मला हवं होतं. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, असं लोक म्हणतात. मी थांबले नाही. मी पुढे गेले आणि टीव्हीवरचा रुमाल ओढला. फुलदाणी खाली पडली आणि फुटली. मी रुमाल मुठीत धरून बाहेर आले आणि भर रस्त्यात उभी राहिले.

"देशपांडे!" मी ओरडले. "डफळ! कोठारी! भोर! सुपेकर! मुळे! बाहेर या! करंज्या कशा झाल्या होत्या ते सांगा माझ्या आईला! अंडं नव्हतं त्यात! तूप साजूक होतं! मग काय आडवं आलं? आमचे हात?"

दारं उघडली. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका कठड्याशी आल्या. पप्पा धावत आले आणि त्यांनी मला दंडाला धरून घरात नेलं. आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून होती. तिनं मला मारलं नाही.

मला फार बरं वाटत होतं. ते मी खोटं सांगणार नाही. उशिरा का होईना छापखान्यात गेले आणि त्या दिवशी मी दोन पानं एकही चूक न करता जुळवली.

अठ्ठावीसला मला छापखान्याची सुट्टी होती. सकाळी अकरा वाजता मार्थामावशी आली. तिच्या कामाची वेळ. आणि ती पुढच्या दारानं आली. पहिल्यांदाच.

"ताई?" आई उठली.

"पाच घरांनी काढलं," मार्थामावशी उभ्या उभ्याच म्हणाली. "मुळे आन् सुपेकर ठेवत्यात. बाकी पाचांनी आज फाटकातनंच परत लावलं. गुंजाळबाई म्हणाली, आमच्या घरातलं बाहेर नेऊन सांगतीस. नातं लपवून ठेवलंस. तुझ्यावर इसवास कसा ठेवायचा?"

"मी त्यांना सांगते," मी म्हटलं. "तुझी काही चूक नाही, मी सांगते त्यांना."

"तू गप!" मार्थामावशी गरकन माझ्याकडे वळली. "लई बोललीस तू. मला काय कळलं नव्हतं व्हय गं? तुझ्या आईनं डब्यातली करंजी पुढं ठेवली, तेव्हाच कळलं. सरूची गाठ मला ओळखू येत न्हाई? लहानपणी मीच शिकवलीय तिला. मी गप बसले, कारण तिची मान खाली गेली असती. ती गप बसली, कारण माझा आनंद गेला असता. आमचं आम्ही मिटवलं होतं. तुला राग आला, तू वरडलीस, तुझं पोट भरलं. आता माझ्या पोरांचं कशानं भरायचं, ते सांग."

मी म्हटलं, "मग त्यांनी केलं ते बरोबर का?"

"कोण म्हणतं बरोबर? थुकते मी त्यांच्या बरोबरवर. पण मला ती पाच घरं पायजेत."

आई आत गेली. तिनं नाताळची साडी नेसली, केस विंचरले, चपला घातल्या आणि एकटीच गेली. मार्थामावशी आणि मी समोरासमोर बसून राहिलो. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. अर्ध्या तासानं आई परत आली.

"घेतील परत," ती म्हणाली. "पाचही जणी घेतील. नलिनीताई सगळ्यांशी बोलल्या. मी हात जोडले. सांगितलं, नातं मी लपवलं, तिनं नाही." मग माझ्याकडे वळली. "आता तू जाऊन चुकले म्हणायचं."

"कशाबद्दल?"

"फुलदाणी फोडलीस."

"फुलदाणीबद्दल म्हणते."

"नुसतं फुलदाणीबद्दल नाही, रिबे. सगळ्याबद्दल. त्या वाट बघतायत. तू आलीस की ताईनं लगेच कामाला लागायचं, असं ठरलंय."

मी मार्थामावशीकडे बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, पोरीला नको पाठवू तिथं. ती ताठ मानेची बाई होती, मला लहानपणापासून माहीत होतं. ती जमिनीकडे बघत होती. तिनं पदर खोचला.

आम्ही तिघी निघालो. फाटकाशी पोहोचल्यावर मार्थामावशी बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात गेली. आई आणि मी पुढच्या दारानं आत गेलो.

आत चारपाच जणी बसल्या होत्या. देशपांडेकाकू, भोरबाई, कोठारींची सून, आणि आणखी एक-दोघी. फुटलेल्या काचा झाडून काढल्या होत्या. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं, म्हातारीनं परत काही बोलू नये म्हणून असेल. आम्हाला बसायला सांगितलं. आई बसली. मी उभी राहिले.

"बोल गं," भोरबाई म्हणाल्या. "घाबरू नकोस. आम्ही काय खातो का तुला?"

कोणीतरी हसलं.

"मी चुकले," मी म्हटलं.

"मोठ्या माणसांची नावं घेऊन रस्त्यावर ओरडायचं म्हणजे..." देशपांडेकाकू म्हणाल्या. "आपल्या कॉलनीत असं कधी झालं नव्हतं हो."

"चुकले. परत असं करणार नाही."

"जाऊ दे, जाऊ दे," नलिनीताई उठल्या. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. ढोंग असतं तर मला सोपं गेलं असतं. "लेकरू आहे. रागाच्या भरात होतं. आम्ही नाही मनात ठेवत, सरोजवहिनी. शेजारधर्म म्हणजे असंच असतं, भांड्याला भांडं लागतं. आमच्याकडून विषय संपला."

आईनं पुन्हा हात जोडले. "तुम्ही मोठ्या मनाच्या आहात," ती म्हणाली.

त्या सगळ्यांनी आम्हाला माफ केलं. मी तिथे उभी होते आणि मला माफ केलं जात होतं. पस्तीस वर्षं झाली. छापखाना बंद पडला, पप्पा गेले, आई गेली. कॉलनीत आईला शेवटपर्यंत सगळ्यांनी वहिनी म्हटलं आणि पुढच्या दिवाळीला ताटं पुन्हा आली, चौदाच्या चौदा. करंज्या खाल्ल्या नाहीत हे मी कधीकधी दिवसच्या दिवस विसरते. माफ केलं हे एक दिवसही विसरत नाही.

"थांब, अशी रडव्या तोंडानं जाऊ नकोस," नलिनीताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू. "थंडीचे केलेत. तोंड गोड कर."

मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि लाडू स्वतःच्या हातानं माझ्या ओठांपाशी धरला, बाळाला भरवतात तसा. सगळ्या बघत होत्या. स्वयंपाकघराच्या पलीकडे मागच्या अंगणात काहीच आवाज नव्हता. मार्थामावशी तिथे भांड्यांच्या ढिगाशेजारी उकिडवी बसून ऐकत असणार. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. तशी विनवणी मी तिच्या डोळ्यांत त्याआधी कधी बघितली नव्हती.

मी तोंड उघडलं. लाडू चावला. गिळला.

मग मागच्या अंगणात नळ सुरू झाला.